लाल सोडून कुठलीही

पोलादपूर,
रविवार, १३ जुलै २०२५

चि. सुहास,

आशीर्वाद. थोरल्या बहिणीने धाकट्या भावाला तेवढं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. इकडे सगळं ठीक. तिकडे ऐरोलीतही ठीकच असणार, नसतं तर राजूने कळवलं असतं. आपल्या या चुलतभावाला दुसरा उद्योग नाही. माझ्या बातम्या तुला आणि तुझ्या मला पोचवल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही.

त्यानेच तुला सांगितलं की अमिताताई एकोणपन्नासाव्या वर्षी गिटार शिकते आहे आणि आता नवीन इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघाली आहे. त्यावर तू मला पावणेपाच मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवलास. आईच्या बाराव्याचं जेवून गेलास, त्यानंतर साडेतीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला तो हा. या वयात बोटं वळत नाहीत म्हणे. दुकानदार मला गंडवतील म्हणे, तेव्हा तुला विचारून घ्यावी. आणि अगदी शेवटी, सहज सुचल्यासारखं, "माझी गिटार तुला सांभाळता आली नाही ताई, आणि आता स्वतःसाठी नवी घेतेयस?"

मी तो मेसेज तीनदा ऐकला. उत्तर फोनवर देणार नाही, कारण फोनवर तू मधेच बोलतोस. पत्रात तोंड घालता येत नाही. बाराव्याला, पानं वाढलेली असताना, तू सगळ्या भावकीसमोर म्हणाला होतास, "ताईने लक्ष दिलं असतं तर आईचा पाय मोडला नसता." तेव्हा मी गप्प बसले. आज त्याचंही उत्तर देणार आहे. शिवाय माझं एक काम आहे तुझ्याकडे. ते नसतं तर तुझ्यासाठी मी पाकीटसुद्धा आणलं नसतं. काम शेवटी लिहीन, तोवर वाच.

आधी गिटारचं सांगते, कारण तुझा जीव तिथेच अडकलेला असतो.

शिकवते ती गौतमी. इथे एका ऑफिसात क्लार्क आहे, सव्वीस वर्षांची. तिच्या वडिलांची गायन पार्टी आहे आणि जयंतीच्या कार्यक्रमात गिटार तीच धरते. ब्लाउज शिवायला आली होती. मी माप घेताना विचारलं, मला शिकवशील का. ती हसली नाही, हे मी तिच्या खात्यावर जमा करून ठेवलं आहे. तिच्या जुन्या लाकडी गिटारवर वर्षभर दर रविवारी बसले. बोटांचं म्हणशील, तर डाव्या हाताच्या बोटांत तीस वर्षं सुई घुसते आहे. तारांनी त्यांचं नवीन काय वाकडं करायचं राहिलं होतं?

पण लाकडी गिटारवर सूर लगेच विझतो. मला एक सूर लांब धरायचा आहे. कोणता, ते पुढे येईल. गौतमी म्हणाली, "ताई, मग इलेक्ट्रिकच घ्या. मानही बारीक असते, तुमच्या हाताला बसेल." म्हणून गेल्या महिन्यात, घाटात दरडी पडायला लागायच्या आधी, आम्ही दोघी एसटीने महाबळेश्वरमार्गे पुण्याला गेलो.

दुकानातल्या मुलाने गौतमीच्या हातात गिटार दिली आणि मला म्हणाला, "काकू, तुम्ही बसा ना, पंख्याखाली." मी म्हटलं, "पंख्याखाली हिला बसव. घ्यायची मला आहे." त्याचा चेहरा बघायला तू हवा होतास. नाही, नको होतास.

मग त्याने पहिली काढून दिली. मी मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला. आडव्या पट्ट्यांची टोकं बोचत होती. म्हटलं, ही नको. तर म्हणतो, "नवीन गिटार थोडी बोचतेच काकू." मी म्हटलं, "मी शिवलेला नवीन ब्लाउज बोचला तर बाई तो माझ्या तोंडावर फेकते." दुसरीची मान डोळ्यासमोर धरून पाहिली, कपड्याची पट्टी पाहते तशी. मधे बाक होता. गौतमीने पाहिलं, तिलाही दिसला. त्या मुलाने आतून मालकाला बोलावलं. तर सांगायचं हे, की मला कोणी गंडवलं नाही. गंडवून घ्यायला मी कायम घरच्याच माणसांकडे गेले आहे.

मालक भला माणूस होता. त्याने स्वतः एक उतरवली. लाल. कडेला काळी होत गेलेली, पांढरी पाटी, अगदी तश्शी. म्हणाला, "शिकणाऱ्यांना हीच देतो, सगळ्यांत जास्त हाच रंग जातो." त्याने ती माझ्या मांडीवर ठेवली आणि माझे हात तिला लागेनात. गौतमीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "लाल सोडून कुठलीही दाखवा."

शेवाळी रंगाची घेतली. सोबत छोटा अँप्लिफायर. येताना एसटीत गौतमीने विचारलं, लालला काय झालं होतं. मी म्हटलं, लाल मला शोभत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाल शालूंवरचे ब्लाउज शिवणारी बाई हे बोलते आहे, हे तिलाही पटलं नसणार.

आता ते.

महाडच्या आपल्या खोलीतली बाबांची रेघ तुला आठवत असेल. पाच सालच्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथे त्यांनी हिरव्या ऑइलपेंटने रेघ मारली होती आणि खाली तारीख घातली होती. बाजारपेठेत घरोघरी अशी रेघ होती. किमती वस्तू रेघेच्या वर टांगायच्या आणि निर्धास्त राहायचं, हा आपला सगळ्यांचा कायदा. बाबा गेले तरी रेघ होती. तू नोकरीला गेलास तेव्हा तुझी लाल गिटार तू स्वतः खिळ्याला टांगलीस, रेघेच्या वर एक वीत. आई रोज तिच्यावरून फडकं फिरवायची. देवावरून फिरवायची त्याच्या आधी.

एकवीस सालच्या जुलैत पाणी दुपारी उंबऱ्याशी आलं. मी ब्लाउजपिसांची गाठोडी माळ्यावर नेत होते, लोकांचा माल होता तो. मग शिलाई मशीनचं डोकं न्यायचं होतं. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा तुझा फोन आला आणि आईने उचलला. तू काय विचारलंस ते तुला आठवतं का? मला आठवतं, कारण आईचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असायचा. आई कशी आहे, ताई कशी आहे, पाणी किती आहे, यातलं काही नाही. "आई, गिटार वर ठेवली ना?" एवढंच. आई म्हणाली, "ठेवतंय रे बाबा, आता ठेवतंय." आणि फोन बंद पडला, तो पुढे चार दिवस लागला नाही.

मी आईला म्हटलं, रेघेच्या वर आहे, काही होत नाही. हे मी चार वर्षं स्वतःलाही सांगत आले.

आई एका हातात गिटार आणि एका हाताने शिडी धरून चढली. तिसऱ्या पायरीवरून पाठीवर पडली. खाली पाणी होतं, तरी त्याखाली फरशीच ना. खुबा मोडला. आणि सुहास, गिटार तिने पाण्याला लागू दिली नाही. ती पाण्यात पडली होती, कण्हत होती, आणि दोन्ही हातांनी गिटार वर धरली होती. मी ती आधी घेतली तेव्हा कुठे तिने मला आपल्याला हात लावू दिला. शेजारचा गोमाजी आणि मी मिळून तिला माळ्यावर नेलं. तासाभराने रेघ पाण्याखाली गेली. म्हणजे आईचंच बरोबर होतं.

माळ्यावर आई एका अंगावर पडून होती. शेजारी गाठोडी आणि तुझी गिटार. दवाखान्यात न्यायला वाट नव्हती. मला म्हणाली, "अमे, सुहासला नको सांगू गो. चिखलात घसरली म्हण. त्याला जन्माचं लागून र्‍हाईल." मी शब्द दिला. तो शब्द पाळूनच मी बाराव्याला तुझं बोलणं खाली मान घालून ऐकलं. आज मोडते आहे. तुला लागून राहू दे. माझं एकटीचं पुरे झालं.

तुझी गिटार वाहून गेली, असं मी तुला सांगितलं होतं. ती वाहून गेली नाही. आईचा डोळा लागला तेव्हा मी ती माळ्याच्या भोकातून खाली सोडली. थोडा वेळ तरंगली. मग दारातून गेली. मला तेव्हा फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकलं. सकाळी आईने विचारलं, "गिटार हाय ना?" मी म्हटलं, आहे.

पुढे मी तिला इथे पोलादपूरला आणलं, उंचावर. सात महिने ती अंथरुणात होती. सात महिने मी "आहे, कपाटावर ठेवली आहे" म्हणत राहिले. तू दोनदा आलास, दोन्ही वेळा दुपारचा आलास आणि संध्याकाळी गेलास. ती मला म्हणायची, "काढ गो जरा. गौरीचं वाजीव. तुला येईल, त्याला पन नव्हतं येत आधी." तुला आठवत असेल, तिच्या माहेरच्या वाडीवरचं फेराचं गाणं तू त्या लाल गिटारवर बसवलं होतंस. चुकलास की ती चुलीपुढून ओरडायची, "तितं वर जातं रे, खाली काय उतरतोस." शेवटचा सूर बायका फेर थांबेपर्यंत धरून ठेवतात, तो तू तारेवर ओढून धरायचास. मी म्हणायचे, आई, आज काम आहे, उद्या काढते. असे दोनशे उद्या झाले. शेवटच्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं. गिटार नाही हे तिला कळलं होतं का, याचं उत्तर मला कधीही मिळणार नाही.

आणि आता राहिलेलं. त्या दुपारी आईने आधी मलाच हाक मारली होती. मी दुसरं गाठोडं ठेवून शिडीवरून खाली उतरत होते, दोन्ही हात रिकामे. ती खाली गिटार घेऊन उभी होती. म्हणाली, "अमे, ही घे गो वर." अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मी म्हटलं, "ज्याची आहे त्याला येऊन ठेवू दे." आणि मशीनकडे वळले. रेघेचं मी त्यानंतर म्हटलं, ती पहिल्या पायरीवर पाय ठेवत असताना. तिने ऐकलंही नसेल. बाराव्याला तू बोललास ते खोटं होतं, आणि तरीही खरं होतं. मी तुझा राग करते त्यात याचाही वाटा आहे, तो मी वेगळा काढू शकत नाही. काढायचाही नाही.

आता काम.

गाण्याची पहिली ओळ माझ्या बोटांत बसली आहे. दुसरीच्या मध्यावर चाल वळते, तिथे मी चुकते. रोज तिथेच. धोंडूबाई मावशीकडे वाडीवर जाऊन आले. तिला शब्द सगळे येतात, पण आता ती सगळ्या गाण्यांना एकच चाल लावते. वाडीवरच्या नव्या सुना मोबाइल लावून फेर धरतात. गौतमी म्हणाली, मी अंदाजाने बसवून देते. मला अंदाजाचं नको आहे. आईने जसं सुधारून घेतलं होतं तसं हवं आहे, आणि ते तसं येणारा तूच एक उरला आहेस. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

गौरी एकतीस ऑगस्टला येतात. त्याच्या आत दुसऱ्या ओळीचे सूर कागदावर लिहून पाठव. कितवी तार, कितवं घर, इतकंच. मेसेज करू नकोस, मला तुझा आवाज ऐकायचा नाही. स्वतः येऊ नकोस. माफी मागू नकोस, मीही मागत नाही. कागद आला तर गौरीपुढे ते गाणं पूर्ण वाजेल. नाही आला तर पहिलीच ओळ वाजवेन, आणि गाणं अर्धं का राहिलं हे मी इथल्या कुणापासून लपवणार नाही.

नवी गिटार भिंतीला टांगलेली नाही. जमिनीवर स्टँडमध्ये उभी असते. तिच्यासाठी कुणाला कशावरही चढावं लागत नाही.

खाली सवयीने "तुझी ताई" लिहिलं होतं, ते खोडलं आहे. वाचता येईल एवढंच खोडलं आहे.

अमिता