भिंतीपलीकडची टकटक

सोमवार, ता. ७ जानेवारी १९२४

शाळा बंद! गल्लीच्या तोंडाशी प्लेगनं उंदीर मरून पडले, तशी मास्तरांनी पोरांना दारातूनच परत पाठवली. चन्नू उड्या मारत घरी आला. त्याला काय ठाऊक!

शेजारचे ज्ञानबा-केराबाई काल संध्याकाळीच कुलूप लावून माळावरच्या झोपड्यांत गेले. अर्धी गल्ली तिकडेच. आमची झोपडी अजून बांधून व्हायची आहे, आणि ह्यांना गिरणी सोडवत नाही. तोवर पोरांचा पाय उंबऱ्याबाहेर पडू द्यायचा नाही. सात वर्षांचा चन्नू, चार वर्षांची गंगू आणि दोन खोल्या!

सकाळी चिंचोके. मग शेंगा फोडायला बसवलं — फोडल्या त्याहून जास्त खाल्ल्या. दुपारी माझ्या लुगड्याचा तंबू. आता डोकं उठलंय.

मंगळवार, ता. ८

बोटं आखडतात अशी थंडी. पोरांनी नवा खेळ काढलाय. चन्नू ज्ञानबाच्या घराकडच्या भिंतीवर ठोकतो, मग दोघं कान लावून बसतात आणि खिदळतात.

“अव्वा, भिंत परत ठोकती!”

म्हटलं, उंदीर असतील. म्हटलं, आणि माझ्याच अंगावर काटा आला.

बुधवार, ता. ९

आज मी ऐकलं. चन्नूनं ठोकलं. जरा वेळानं पलीकडून — टक. टक. चन्नूनं पुन्हा ठोकलं. पुन्हा टक. टक. उंदीर असं उत्तर देत नाहीत.

समोरच्या सोजरबाईला खिडकीतूनच विचारलं, “ज्ञानबाची म्हातारी आई, बाळाबाई, कुठं आहे गं?”

“करकंबला आसंल की, लेकीकडं.” मग आवाज उतरवून — “पोरं त्या भिंतीकडं पाठवू नगंस, रुद्राणी. ज्ञानबाची थोरली पोर मागल्या साथीत त्याच खोलीत गेली. लई खेळकर हुती. खेळायला बोलावत आसंल.”

मी असलं मानत नाही. तरी चन्नू-गंगूच्या कपाळाला भस्म लावलं. ह्यांना सांगितलं तर हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. “आतल्या खोलीत खेळव,” एवढंच म्हणाले.

गुरुवार, ता. १०

पोरं निजली. आता लिहिते.

सकाळपासून पोरं चुलीपाशी कोंडून ठेवली. कणकेच्या चिमण्या करायला दिल्या. टकटक ऐकू येऊ नये म्हणून मोठमोठ्यानं गाणी म्हटली. माझा कान मात्र तिकडेच. दुपारी आवाज अगदी बारीक झाला. बरं वाटलं — देवा, मला बरं वाटलं!

तेवढ्यात गंगू निसटली. सापडली ती भिंतीला गाल लावून.

“अव्वा, ती पानी मागती.”

घरात आम्ही कानडी बोलतो. गंगू पाण्याला नीरु म्हणते. पानी हा तिचा शब्द नव्हे. पलीकडे भूत असो की माणूस — पाणी मागणाऱ्याला मी गाणी ऐकवत होते!

पोरांना कडी घातली. वरवंटा उचलला. सोजरबाई ओरडत होती, “आगं, पिलेगाचं घर हाय ते!” कुलूप काही तुटेना, शेवटी कडीच उखडली.

भिंतीशी बाळाबाई पडली होती. बाजेवरून घसरलेली, कमरेत जीव नाही. तांब्या कोरडा. भाकरीचं फडकं मुंग्यांनी भरलेलं. मुठीत चुन्याची डबी — तीच ठोकत होती.

फडकं भिजवून ओठांवर पिळलं. किती वेळानं डोळे उघडले.

“पोरं हाळी देत हुती,” म्हणाली. “म्हून जीव धरला.”

शुक्रवार, ता. ११

म्हातारीला आमच्याकडे आणलं. ताप नाही, गाठ नाही. पेज पाजली, अंग पुसलं. गंगू तिच्या पायाशीच बसून आहे.

पेज घेता घेता सांगत होती. गाडी सामानानं भरली, हिला निजवायला जागा उरली नाही. शेजारी कळलं तर सरकारी माणसं प्लेगची म्हणून दवाखान्यात उचलून नेतील, म्हणून कुणाला काही न बोलता कुलूप घातलं. “सकाळी गाडी घिऊन येतो म्हनलाय माझा ज्ञानबा. यील की.”

यील! पाच दिवस झाले. सख्ख्या आईला कोंडून गेला आणि तिकडे माळावर ऊन खात बसला असेल. आणि ती केराबाई — एवढी गोड बोलायची! तळतळाट दिला दोघांना, मोठ्यानं दिला. उद्या ह्यांना माळावर पाठवते. चार माणसांत जाब विचारायचा.

शनिवार, ता. १२

हे आले ते उंबऱ्यावरच बसले. पटकाही काढला नाही.

ज्ञानबा माळावर पोचला त्याच रात्री तापानं बेशुद्ध पडला. मंगळवारी गेला. केराबाई काल गेली. शेवटपर्यंत एकच ओरडत होती — “आत्याबाईला आणा, घरात हाय!” लोकांना वाटलं, तापात बरळतेय.

आतून बाळाबाईचा आवाज येतोय. चन्नूला खिडकीशी बसवलंय तिनं.

“गाडी दिसती का रं?”

“अजून न्हाय, आज्जी.”