टायपिंगच्या बाईंचं घर

४ फेब्रुवारी, रविवार

आजचं घर बाथरूमपायी गेलं. म्हणजे घर आहे तिथंच आहे, आम्ही गेलो. दार आत उघडतं, आत बेसिन, आणि दोहोंच्या मधल्या फटीतून मी सहज जाईन असं एजंटला वाटलं. मलाही वाटलं! अर्धी गेले. उरलेली अर्धी, पोटातल्यासकट, अडकली. नवरा बाहेरून दार धरून, "श्वास सोड! पोट आत!" पोट आत म्हणे! शाळेत पोरांना खेळ शिकवतो, त्यांना ओरडतो तसाच माझ्यावर. ह्याला मी मास्तर म्हणते ते उगाच नाही. एजंट सभ्यपणे भिंतीकडे तोंड करून उभा. सुटले तेव्हा म्हणतो, "ताई, बाळ झालं की हेच एकदम ऐसपैस वाटेल बघा."

परत आलो तर जिन्याखाली घरमालक. खाली त्यांची लाँड्री, वर आमच्या दोन खोल्या, त्यामुळे आमच्या सगळ्या भांडणांना इस्त्रीची वाफ लागलेली. "मग, बघताय ना कुठं?" आवाज अगदी मऊ. त्यांची लेक बिऱ्हाड घेऊन परत येतेय, मार्चअखेर खोल्या हव्यात. बाळाची तारीखही मार्चातलीच. दोघांनी संगनमत केलंय.

६ फेब्रुवारी

मी डोळे तपासते त्या चष्म्याच्या दुकानात आज एक आजोबा आले. अंधार केला, त्यांच्या समोर स्टुलावर बसले, आणि पोट मशीनला लागून मशीनच मागे सरकलं. आजोबा म्हणाले, "अक्षरं लांब गेली हो." म्हटलं, "मीच जवळ आलेय."

११ फेब्रुवारी, रविवार

मिळालं! मिळालं मिळालं मिळालं. (अजून काही मिळालेलं नाही. पण मिळालं.)

पोस्टामागच्या गल्लीत, तळमजला, मागे थोडं अंगण. टायपिंगच्या बाईंचं घर. अर्धं गाव त्यांच्याकडे टायपिंग शिकलंय. पुढची लांब खोली म्हणजे त्यांचा क्लास. मशीन कधीच गेली, पण टेबलांच्या पायांचे खड्डे फरशीत दोन रांगांनी अजून आहेत. बाई उंच, ताठ, आणि बोलताना अशा रोखून बघतात की मी ओढणी दोनदा नीट केली. स्वयंपाकघरात ओट्यावर मोठी खिडकी. मी त्या खिडकीशी उभी राहिले आणि झालं, मनाने सगळे डबेसुद्धा लावून टाकले. आमचे डबे एवढे नाहीतच.

बाईंनी चहा केला. न बघता फळीवरून कप काढले, न बघता ओतला, थेंब सांडला नाही. काय ही टापटीप! मला आमच्या घरात बघूनसुद्धा चमचा सापडत नाही. मास्तरला कोपराने ढोसून म्हटलं, "शीक जरा." तो म्हणाला, "मी? तू शीक."

एवढं मोठं घर का विकताय, असं मास्तरने विचारलंच. "कंटाळा आला," बाई म्हणाल्या. वयस्कर लोकांच्या एका संस्थेत खोली बघून ठेवलीय. मुलगा ह्याच शहरात, दुसऱ्या टोकाला राहतो, त्याला फारसं पटलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

पडद्यांचा रंग ठरवला. घर ठरायच्या आधी. मी ही अशी.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

बाईंनी बोलावलं. वाटलं, भावाची घासाघीस होणार. मास्तर रात्रभर बेरजा करून आलेला. तर बाईंनी त्याचा विषयच काढला नाही. आम्हाला एकेकाला त्या खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि तोंडाकडे बघत बसल्या. मुलगी बघायला आल्यासारखं! माझ्या पोटावर उजेड, नाकावर घाम.

"रागावतेस का गं?"

"हो," म्हटलं. खोटं बोलले असते तर मास्तर हसला असता.

"आणि तुम्ही, मास्तर?"

"मी शिट्टी वाजवतो."

बाई खदखदून हसल्या. म्हणाल्या, "घर तुम्हाला." दुसरे काही लोक जास्त द्यायला तयार आहेत, पण त्यांनी आल्याबरोबर भिंत कुठे पाडता येईल ते विचारलं म्हणे. मी ओढणी नीट केली. आमचीही एक भिंत ठरली होती.

वाटेत मास्तर एकदम थांबला, रस्त्यात, आणि डोळे चोळायला लागला. मी म्हटलं, "रडतोयस काय?" "धूळ गेली." मी डोळे तपासायच्या धंद्यात आहे, मला सांगतो धूळ!

१८ फेब्रुवारी, रविवार

मापं घ्यायला गेलो. पाळणा कुठं, कपाट कुठं. मास्तरने खिडकीची उंची मोजायला ओट्याखालचं स्टूल ओढलं, चढला, मोजलं, उतरला, आणि स्टूल तिथंच ठेवून टेप घेऊन बाहेर. बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि सरळ त्या स्टुलावर. धाडकन! कप फुटले, चष्मा उडाला, गुडघा सोलवटला. मी तर वाकूही शकत नाही, नुसती "अगंबाई अगंबाई" करत उभी. मास्तरने उचलून बसवलं.

"लक्ष नव्हतं माझं," बाई म्हणाल्या. मास्तर माफी मागून मागून अर्धा झाला.

पण लक्ष होतं. त्या माझ्याशीच बोलत होत्या, माझ्याकडे बघत होत्या. स्टूल पायाशी होतं, जरासं डावीकडे. अंधार नव्हता. समोरचं लख्ख दिसतं आणि बाजूचं काहीच नाही, असे डोळे मी दुकानात कमी बघितलेत?

परत येताना मास्तरला काही सांगितलं नाही.

१९ फेब्रुवारी

फळीवरचे कप न बघता. चहा न बघता. तोंडाकडे रोखून. उजेडात उभं करणं. आणि मी काय म्हणत होते? टापटीप! गाढव. चष्म्याच्या दुकानात बसलेली गाढव.

संध्याकाळी मास्तरला सांगितलं. ह्या घरात त्यांना कुठं काय आहे ते ठाऊक आहे म्हणून त्या वावरतात. नव्या खोलीत नेऊन ठेवलं तर दाराची कडी सापडणार नाही. त्याने मापांचा कागद घडी करून ठेवला. मग, "काय करायचं?"

मी म्हटलं, "काही नाही. आपण घर घेतोय, त्यांनी विकायला काढलंय. मोठ्या बाई आहेत, त्यांचं त्यांना कळतं."

हे मी म्हटलं. लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मोठेपणा मिरवावासा वाटला तर वाचीन.

२१ फेब्रुवारी, बुधवार

बाई स्वतःच दुकानात. पडताना चष्म्याची दांडी वाकली होती. दांडी सरळ करायला काही वेळ लागत नाही. मी उगाच लावला.

"आलाच आहात तर डोळे बघू का?"

"बघ की."

तक्त्यावरची शेवटची ओळ धाडधाड वाचली. अगदी ताठ मानेने, क्लासात वाचून दाखवल्यासारखी. मग मी म्हटलं, माझ्या नाकाकडे बघा, आणि बाजूने बोटं हलवत आणली. आणली. आणली. बोटं जवळजवळ माझ्या कानाशी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "आता दिसली."

मी हात खाली घेतला. त्याच बोलल्या.

"काचबिंदू आहे. माहीत आहे मला. डॉक्टर आहेत, थेंब आहेत. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकवायचं. किती टिकेल ते कोणी सांगत नाही."

"मुलाला?"

"त्याला सांगितलं तर तो सगळं सोडून माझ्यामागे हिंडेल. नकोय मला. आणि घर कुणाच्या हाती देतेय ते मला दिसतंय तोवर द्यायचंय. म्हणून तुम्हाला खिडकीत उभं केलं. तुझं नाक छान आहे."

नाकाचं माझ्या लग्नातसुद्धा कोणी कौतुक केलं नव्हतं. आणि मग माझ्या तोंडातून निघून गेलं. चांगुलपणा वगैरे काही नाही, जीभच तशी आहे, विचारून हलत नाही.

"बाई, त्या संस्थेत जाऊ नका. त्याला सांगा. इथं तुम्हाला सगळं सापडतं."

बाईंनी चष्मा घातला, माझ्याकडे बघितलं. "त्याला सांगितलं तर तो घर विकू देणार नाही. कळतंय ना तुला, काय बोलतेयस?"

"कळतंय," म्हटलं. तेव्हा कुठं कळत होतं! त्या गेल्यावर कळलं. मग चष्म्यांच्या काचा पुसण्याचं फडकं घेऊन मागच्या खोलीत बसले.

२२ फेब्रुवारी

मास्तरला सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला. मग तासाभराने, भांडी घासताना, "पण जरा थांबली असतीस तर..." मग, "नाही, बरं केलंस." मग एक पेला फोडला.

२४ फेब्रुवारी, शनिवार

बाईंचा मुलगा दुकानात आला! लिफ्ट दुरुस्त करतो, हाताला ग्रीस, बाहीला ग्रीस. काउंटरला हात लागू नये म्हणून लांब उभा. आईच्या गुडघ्याला पट्टी कशी, ह्याचं उत्तर मिळत नव्हतं म्हणून चष्म्याच्या पिशवीवरचा पत्ता बघून आलेला.

"आई तुमच्याकडे आली होती ना? तिचे डोळे ठीक आहेत?"

आता, आपल्याकडे तपासायला आलेल्या माणसाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, मग तो पोटचा मुलगा का असेना. हे मी शिकलेय. पण "ठीक आहेत" म्हणायला कोणाची हरकत होती? दोन शब्द. त्या दोन शब्दांपलीकडे ओट्यावरची खिडकी, अंगण, पाळण्याची जागा, सगळं होतं. आणि खोटंही कुठं? शेवटची ओळ वाचतात की!

बाळाने नेमकी तेव्हाच लाथ मारली. कोणाच्या बाजूने ते कळलं नाही.

"ते तुम्ही त्यांनाच विचारा," म्हटलं. "आणि आजच विचारा."

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरून रंग उतरत गेलेला दिसला. "बरं," म्हणाला. जाताना दार ढकलायचं ते ओढत राहिला.

२६ फेब्रुवारी, सोमवार

बाईंचा फोन. आवाज बसलेला. "सांगितलं गं. आधी भांडला, मग रडला, मग जेवला. आता बायकोपोरांना घेऊन इथं राहायला येतोय म्हणतो. ऐकत नाही. मी तुला शब्द दिला होता."

मी म्हटलं, "अहो, शब्दाचं काय!"

फार उदार आवाजात म्हटलं.

"बरं वाटतंय का तुम्हाला?" विचारलं. म्हणाल्या, "कोणीतरी घरात भांडलं, ते बरं वाटलं."

२८ फेब्रुवारी

घर नाही. दिवस भरत आलेत. लाँड्रीवाले काका जिन्याखालून, "मग, बघताय ना?" मी म्हटलं, "बघतेच आहे काका, बघणं हाच माझा धंदा." आणि जिन्यातच रडायला लागले. घाबरून त्यांनी आमच्या सगळ्या चादरी फुकट इस्त्री करून दिल्या. पडद्यांचं कापड मात्र परत घेत नाहीत. दुकानदार म्हणतो, कापलेलं आहे. आता मास्तरला त्याचे सदरे.

आईला फोनवर सगळं सांगितलं. "तुला लहानपणापासून मधे बोलायची खोड," म्हणाली. मग म्हणाली, "शहाणी माझी ती." दोन्ही एकाच श्वासात.

३ मार्च, रविवार

लिफ्टवाला, म्हणजे बाईंचा मुलगा, घरी आला. बूट बाहेर काढून, हात धुऊन. म्हणाला, आम्ही आईकडे जातोय तर आमचा फ्लॅट रिकामा होतोय, विकायचाच आहे, आधी तुम्ही बघा. आईने सांगितलंय, आधी त्यांना.

मास्तरचा चेहरा असा उजळला की बघवेना. मी लगेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. अंगण? नाही. ओट्यावर खिडकी? "आहे, पण बाजूला." कितवा मजला?

"तिसरा."

"लिफ्ट?"

तो खाली बघून म्हणाला, "बंद आहे. वेळ मिळत नाही."

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीची लिफ्ट बंद! एवढं हसले की मास्तरला पाठीवर थापटावं लागलं. मी स्पष्ट सांगितलं: बघते, पण आवडणार नाही. आवडलं नाही की तोंडावर सांगणार. बाईंचं घर बघितलेल्या माणसाने तिसऱ्या मजल्यावर काय बघायचं? उद्या संध्याकाळी जायचं ठरलंय. दर जिन्याला बसायला खुर्ची ठेवतो म्हणाला.

५ मार्च, मंगळवार

मुलगी झाली. काल, तिथंच. वर पोचले आणि मधल्या खोलीत उभी राहून "अंधार फार आहे हो" म्हणत होते, तेवढ्यात सुरू झालं. रुग्णवाहिकेतले दोघं तीन जिने चढून आले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, खाली न्यायला वेळ नाही, इथंच.

आता आवडलं नाही म्हणायची सोय राहिली नाही. तिचं ते माहेर झालं.