फुलीवर थांबलेला तारा

प्रिय मामंजी,

आज तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगतीत सगळे तुमच्याबद्दल भरभरून बोलत होते. फौजेतली नोकरी, पलूसला परत येऊन लावलेला ऊस, भावकीतली मिटवलेली भांडणं. दुर्बिणीचा विषय मात्र एकानंच काढला, "म्हाताऱ्याला गच्चीवरचा नाद होता," म्हणून, आणि सगळे हसले. सुनेनं पंगतीत काय बोलायचं? म्हणून पाहुणे गेल्यावर लिहायला बसले.

नाद म्हणे!

लग्न होऊन मी सांगलीहून आले, त्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातात सुई-दोरा दिलात. मला वाटलं, सदऱ्याचं बटण तुटलं असेल. मी एका फटक्यात दोरा ओवला, तशी तुम्ही म्हणालात, "हात थरथरत न्हाई तुजा. चल वर, सूनबाई."

गच्चीवर तुम्ही स्वतः घडवलेली दुर्बीण होती, पाठीवर कॅमेरा बांधलेली. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात, तेव्हा फोटो काढायचा तर कॅमेराही तितक्याच संथपणे फिरायला हवा. ते काम खालच्या फिरत्या बैठकीचं, माउंटचं. मोटर एक आटेदार दांडा फिरवायची आणि दांडा मोठं दातेरी चाक ढकलायचा. मी बाजूच्या छोट्या दुर्बिणीत डोळा लावून एक तारा बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा. सरकला, की बटण दाबून जागेवर आणायचा.

पहिला रोल सांगलीच्या स्टुडिओतून धुऊन आला आणि मला रडू फुटलं. ताऱ्यांच्या नुसत्या शेवया! तुम्ही फोटो उजेडात धरून कितीतरी वेळ बघितलात. म्हणालात, "रडतीस कशाला? सगळ्या शेवया एकाच बाजूला वाकल्यात. तुजी चूक असती तर कशाबी वाकल्या असत्या. ही चूक यंत्राची हाय." चूक कुणाची हे आधी नीट बघायचं आणि मगच बोलायचं, असं दुसरं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

मग सुरू झाला तुमचा शोध. तिन्हीसांजेला गावात दिवे लागले, की मोटर मंदावते हे तुम्ही पकडलंत. तिची घरची लाइट तोडून तिला ट्रॅक्टरच्या बॅटरीवर आणलंत. तरी तारा ठरावीक वेळानं डावीकडे जायचा आणि आपोआप परत यायचा. दांडाच किंचित वाकडा फिरत होता! तो तुम्ही लेथवर नवा कातून आणलात, इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावलीत आणि चाकाबरोबर घासत बसलात. संपूर्ण थंडीभर, मामंजी! बोटांची सालं निघाली तरी.

त्याच सुमारास तो सत्त्याण्णव सालचा धूमकेतू दिसायला लागला, आणि मला पाचवा महिना लागला. आदल्या वर्षी एक मूल पोटातच गेलं होतं. आत्याबाई सासूच्या हक्कानं जिन्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"आवं, शेपटीचा तारा त्यो! पोटुशी बाई त्याच्याकडं बघती व्हय? माज्या लेकाला मी काय तोंड दावू?"

तुमचा मुलगा तेव्हा सीमेवर होता. मला वाटलं, तुम्ही आत्याबाईंवर ओरडाल. तुम्ही ओरडला नाहीत. जिन्यावर त्यांच्या शेजारी बसलात. "तुला भ्या वाटतंय ते खोटं न्हाई. पर पोर कुणाचं ग्येलं, तर बाईनंच कायतरी केलं आसंल, आसं म्हननारी ही रीत खोटी हाय." मग माझ्याकडे वळून, "तुजं तू ठरव. न्हाई म्हनलीस तर मी यकटा काढीन."

मी हो म्हणाले. तुम्ही काय केलंत? मला वाकावं लागू नये म्हणून छोट्या दुर्बिणीला काटकोनी आरसा बसवलात. बटण कमीत कमी दाबावं लागावं म्हणून दांडा पुन्हा उतरवून घासलात. धूमकेतू रोज खाली उतरत होता, तुमचा हात मात्र घाई करत नव्हता.

आणि ती संध्याकाळ! वायव्येला काळोख दाटला होता. मी खुर्चीत बसलेली. आत्याबाई आकाशाकडे पाठ करून, पण माझ्या खांद्यावर शाल धरून उभ्या. तुम्ही शटर उघडलंत.

"हललं का, सूनबाई?"

"नाही मामंजी."

"आता?"

"नाही हो!"

तारा फुलीवर खिळल्यासारखा थांबला होता. बटणावरचं माझं बोट रिकामंच बसून होतं. फोटोत शेपटी धुरासारखी पसरलेली आणि एकेक तारा टाचणीच्या टोकाएवढा आला. सांगलीतल्या प्रदर्शनात एकानं तुम्हाला विचारलं, "फोटो तुम्ही काढलात?" तुम्ही म्हणालात, "यंत्र माजं. फोटो सुनेचा." माझ्या माहेरची सगळी माणसं तिथे उभी होती. मला कुठे बघावं ते कळेना.

श्रावणात तुमची नात झाली, धडधाकट. तुम्ही नुसतं "ब्येस" म्हणालात आणि मळ्यात निघून गेलात. इतकंच? मी मनात थोडी रुसले होते.

आज भांडी आवरताना आत्याबाई म्हणाल्या, "पोर हुईस्तोवर ह्यांच्या डोळ्याला डोळा न्हवता. इपरीत झालं आसतं तर गावानं तुला बोल लावला आसता, त्याचं भ्या. त्या दिवशी मळ्यात जाऊन लय रडलं."

मामंजी, तुम्हाला भीती वाटत होती? मग मला का नाही सांगितलंत? सांगितलं असतंत तर मी खुर्चीत बसलेच नसते. म्हणूनच सांगितलं नसणार. एवढं ओझं एकट्यानं उचलून वर मला विचारत होतात, "हललं का?"

बोलून झाल्यावर आत्याबाई जरा घुटमळल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "मला बी दिसंल का गं त्यातनं कायतरी?"

सध्या शनी संध्याकाळीच पूर्वेला वर आलेला असतो. उद्या भाकऱ्या उशिरा झाल्या तरी चालतील. आत्याबाईंचा हात धरून त्यांना जिना चढवीन, आणि शनीचं कडं त्यांना मनासारखं दिसेपर्यंत दुर्बीण दुसऱ्या कुणाला देणार नाही. लेकीलासुद्धा नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सूनबाई