दोघांनाही मिळालेलं लॉक

२ मार्च, रविवार दुपार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा रेडिओ मी पाठवलेल्या वायरनं लागला का? लागला नसेल तर वायर उलटी जोडली असणार. लाल टोक आत, हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

या आठवड्यात तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा शेवटी तू विचारलंस, "अजून काही?" आणि मी म्हणालो, "काही नाही." म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच कोणी हसत नाही.

तर आमच्या नकाशांच्या छापखान्यातली फाइल-लॉकची भानगड मिटली. फोनवर सांगत होतो तेव्हा तू "बरं बरं" म्हणत भाजी चिरत होतीस, सुरीचा आवाज येत होता. तेव्हा पुन्हा नीट सांगतो.

आमच्याकडे सगळे नकाशे एका सर्व्हरवर असतात आणि जो तो आपापल्या कॉम्प्युटरवरून ते उघडतो. दोघांनी एकाच वेळी एकच नकाशा बदलला, तर नंतर सेव्ह करणारा आधीच्याचं काम पुसून टाकतो. तसं होऊ नये म्हणून लॉक. ज्याला मिळालं त्यानं काम करायचं, दुसऱ्यानं थांबायचं. ही व्यवस्था मी बसवली, कुठल्याही वर्गात न बसता, कर्नेलचा कोड ओळ न् ओळ वाचून. कर्नेल म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. त्याला विचारल्याशिवाय तिथे काही हलत नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी नकाशावाल्या बाई माझ्या दारात उभ्या. पॅसेजच्या पलीकडच्या खोलीत बसतात, नद्या आणि गावांची नावं बघतात.

"तुमच्या लॉकनं माझी नदी खाल्ली."

"लॉक नदी खात नाही," मी म्हणालो.

"मग गेली असेल एकटीच समुद्राला भेटायला! उपनद्यांसकट आखली होती. किनारेवाल्या काकांनी त्यांचं सेव्ह केलं आणि माझी गायब."

मी त्यांना खुर्ची दिली आणि पुरावा दाखवला. माझ्या कॉम्प्युटरवर दोन खिडक्या उघडल्या. एकीत लॉक घेतलं, दुसरीत मागितलं. दुसरी मुकाट थांबून राहिली. "बघा," मी म्हणालो. आवाजात थोडा तोरा असेल. होताच.

त्यांनी बघितलं. मग म्हणाल्या, "दोन्ही खिडक्या तुमच्याच की हो! स्वतःच स्वतःला अडवताय. मला अडवून दाखवा."

ताई, हे मला सुचलं नव्हतं. मला!

त्या आपल्या खोलीत गेल्या. दोन्ही दारं उघडी ठेवली.

"घेतलं का?" मी ओरडलो.

"मिळालं!"

मग मी मागितलं. मला थांबायला लागायला हवं होतं. लगेच मिळालं.

"मलाही मिळालं!" मी इतक्या जोरात ओरडलो, की हिशेबनीस बाहेर येऊन विचारायला लागले, "दोघांना काय मिळालं? आम्हाला का नाही?"

कारण साधं होतं. सर्व्हर जोडताना एक पर्याय असतो, लॉक आपल्यापुरतंच ठेवायचं. तो चालू राहिला होता. कोणी चालू केला होता, हे या पत्रात महत्त्वाचं नाही. त्यामुळे माझं कर्नेल मला म्हणे, इथे दुसरं कोणी नाही, घ्या. त्यांचं कर्नेल त्यांना तेच म्हणे. दोघंही खरंच बोलत होते, फक्त सर्व्हरला कोणी विचारत नव्हतं. मी तो पर्याय काढून जोडणी पुन्हा केली. आता लॉकची मागणी सर्व्हरपर्यंत जाते आणि कोणाला द्यायचं ते तोच ठरवतो. एक बारकावा राहिला. फाइल लिहिण्यासाठी उघडलेली नसेल, तर तो पूर्ण लॉक देत नाही. तुला याचा उपयोग नाही, पण अर्धवट सांगितलेलं मला चालत नाही.

पुन्हा चाचणी घेतली. पहिल्याच फेरीत जमलं. तरी आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत तीच चाचणी घेत राहिलो.

मी लॉक धरायचो, ती थांबायची. मी सोडलं की पलीकडून आवाज यायचा, "मिळालं!" मग तिनं धरायचं आणि मी थांबायचं. किनारेवाले काका शेवटी कावले, "अहो, झालं असेल दुरुस्त तर मला माझा किनारा आखू द्या!" रांग दिसली की मी दुकानातून परत फिरतो, तुला माहीत आहे. पण त्या दिवशी मला थांबायला आवडलं.

तेव्हापासून डबा आम्ही एकत्र खातो. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. हसते तेव्हा भिंतीपलीकडे कळतं. माझ्या चुका काढते आणि, काय सांगू, बरोबर काढते.

गुरुवारी मी तिला विचारलं. काय ते तुला कळलंच असेल.

ती म्हणाली, "कुलूपवाले, तुमच्या ताईला सांगितलंत?"

"सांगतो की."

"सांगतो नाही. ज्यांनी तुम्हाला लहानाचं मोठं केलं त्यांना मागाहून कळलेलं मला चालणार नाही. त्यांचा मला फोन येऊ दे, मग माझं उत्तर."

तिचं म्हणणं बरोबर आहे. आई-बाबांच्या मागे तू मला वाढवलंस आणि स्थळंही तूच आणलीस. शेवटच्या वेळी त्या शिक्षिकेला मी म्हणालो, "तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे," तेव्हा तू घरी येऊन म्हणालीस, "यापुढे तुझ्या लग्नाचं नाव काढणार नाही." काढलंही नाहीस. मी त्यावर कधी काही बोललो नाही, पण तुझं ते गप्प राहणं मला कळत होतं. तेव्हा आता मीच नाव काढतो. हिच्या घड्याळाकडे अजून माझं लक्षच गेलेलं नाही.

नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे, दोनदा तपासून. संध्याकाळी कर, दिवसभर ती नद्यांत असते. माझ्याबद्दल विचारलं तर खरं सांग. त्या शिक्षिकेचं तेवढं सांगू नकोस. बरं, तेही सांग. आणि ताई, तुला मनापासून वाटलं तरच हो म्हण. पण लवकर वाटू दे.

तुझा,
आणि तू फोन केलास की तिचाही,
बारक्या