विमानाची बांगडी

मी, यशोदाबाई भ्र. भटू बोरसे, वय वर्षे एकसष्ट, राहणार मेहरूण, जळगाव, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. अंगात साखर आहे, गुडघे गेले आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी भरीलाही घातलेलं नाही. मला भरीला घालणारा माणूस अजून जन्मायचा आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हेच पहिलं आणि हेच शेवटचं समजावं.

कलम १. राहतं घर मुलगा चि. पितांबर यास. तो पुण्याची नोकरी सोडून इथे राहायला येणार नाही, हे मला कळतं. खुशाल विकावं. फक्त मागच्या गल्लीतल्या डाळमिलवाल्याला विकू नये. माझे यजमान गेले त्या दिवशी त्याने रेडिओ बंद केला नव्हता.

कलम २. सोन्याची पोत आणि सोन्याच्या बांगड्या मुलगी सौ. लताबाई, राहणार चाळीसगाव, हिला. सुनेने मन मोठं करावं. तिला घर मिळतंच आहे.

इथे 'बांगडी' या शब्दाचा खुलासा करणं भाग आहे, नाहीतर पुढे कोर्टात घोळ होईल. आमच्या कारखान्यात विमानाच्या ब्रेकला लागणारं रबरी सील तयार होतं. ब्रेकमधला दट्ट्या पुढेमागे सरकतो, त्याच्याभोवती ते बसतं, म्हणजे आत धूळ-पाणी शिरत नाही. तान्ह्या मुलीच्या मनगटात बसेल एवढं गोल. कागदावर त्याला लांबलचक नाव आहे, पण कारखान्यात सगळे बांगडीच म्हणतात. मला हे ठाऊक नव्हतं. सुरुवातीला मी कारखान्यात जात नसे.

एकदा डबा घेऊन गेले, तर दारातच नानांचा आवाज कानावर आला. नाना म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना नाना म्हणत, मीही म्हणत असे. रबराचा प्रेस चालवणाऱ्या भाईदासला ते सांगत होते, "बांगड्या मंजुळाले दे. तिना ओठले लागाशिवाय बाहेर नको काढू."

मी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि घरी आले. त्या संध्याकाळी चूल पेटवली नाही. नानांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि ते पोट धरून हसले. मग हाताला धरून मला कारखान्यात घेऊन गेले. खिडकीपाशी धुळ्याकडून आलेली मंजुळाबाई बसली होती. एकेक सील उचलायची आणि खालच्या ओठावरून हळूच गोल फिरवायची. रबराचं काम करून बोटं निबर होतात, ओठ होत नाही. कडेला केसाएवढी चीर असली तरी तो सांगतो. पुढे विमानांच्या कारखान्यातल्या साहेब लोकांची यंत्रं तपासतच, पण नाना म्हणायचे, आपल्याकडून जायचं ते मंजुळाच्या ओठावरूनच जाईल.

गैरसमज मिटला. मत्सर मिटला नाही, उलट त्याला पक्कं कारण मिळालं. बांगड्या सोन्याच्या असत्या तर मी जाऊन हिसकावून आणल्या असत्या. ओठ कसा हिसकावणार?

मग मीही कारखान्यात जाऊ लागले. तिच्या शेजारी बसून सील ओठावरून फिरवत असे, पण मला काही म्हणजे काही कळत नसे. "अक्का, मिश्रीनी ओठ बहिरा व्हस," ती एकदा म्हणाली. सहज म्हणाली की टोमणा मारला, देव जाणे. मी मिश्री सोडली. माहेराहून आणलेली सवय, दात घासताना रडू यायचं, पण सोडली. तरी ओठ बहिरा तो बहिराच.

कलम ३. मिश्रीची पितळी डबी शेजारीण आक्काबाई हिला. आत थोडी मिश्री शिल्लक आहे.

कलम ४. विमानांच्या कारखान्याचे साहेब आले होते तेव्हाचा फोटो पितांबरने न्यावा. त्यात मधोमध नाना, त्यांच्या शेजारी मंजुळाबाई, आणि कडेला चहाचा ट्रे धरलेली जी बाई अर्धी कापली गेली आहे, ती मी. फ्रेम नवीन करायची झाल्यास फोटो दुसऱ्या बाजूने कापावा.

कलम ५. कारखान्याची जागा आणि दोन्ही प्रेस विकून येईल ते दोन्ही मुलांनी सारखं वाटून घ्यावं. राहिला विमानाच्या बांगडीचा साचा. तो मंजुळाबाईला हवा आहे. तिला स्वतःची शेड टाकायची आहे, भाईदास तिच्याकडे जायला तयार आहे, साहेबही तिच्याकडून माल घ्यायला तयार आहेत. अडलं आहे ते साच्यापाशी. तर साचा भंगारात द्यावा.

ज्याला काही मिळायचं त्याने साक्षीला सही करू नये, असं वकीलसाहेब म्हणाले. म्हणून मंजुळाबाईला मी मुद्दाम साक्षीला बोलावलं आहे. सही करेल आणि रिकाम्या हाताने जाईल.

कलम ६. देव्हाऱ्यात एक रबरी बांगडी आहे. विमानाची पहिली ऑर्डर मंजूर झाली तेव्हा नानांनी ती मला आणून दिली. "पहिली बांगडी तुनी," म्हणाले. रोज पूजा झाली की मी ती ओठाला लावते. ती माझ्याबरोबर चितेवर ठेवावी.

इथवर लिहून आज साक्षीदारांना वाचून दाखवलं. पुढचं त्यानंतर लिहीत आहे. वकीलसाहेब म्हणतात, कोऱ्या कागदावर नव्याने लिहा. मी लिहिणार नाही. जिथे खोडलं तिथे सही करते.

साचा भंगारात, हे ऐकून भाईदासने मान खाली घातली. सहावं कलम वाचून झालं आणि मी बांगडी तिच्या हातात दिली. मिरवायलाच दिली, दुसरं काय. तिने ती सवयीने ओठावरून फिरवली आणि अर्ध्यात थांबली.

"अक्का, हिले चीर शे."

"नही. नानांनी दिधेल शे ती."

"नानांनीच दिधी व्हई. चांगल्या सगळ्या विमानले गयात, अक्का. नाना एक बी मांगे ठेवू देत नव्हतात." मग बांगडीकडे बघतच म्हणाली, "मी मांगी व्हती एक. माले त् चीरवाली बी नही दिधी."

हे ऐकून मला जो आनंद झाला तो मृत्युपत्रात लिहावा का, माहीत नाही. लिहिते. फार आनंद झाला. आणि तिच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण माझ्या घशात ते इतकी वर्षं अडकून आहे.

तिने दाखवलं तिथे मी ओठ लावला. चीर आहे. रोज लावूनही मला ती कधी लागली नाही, हिला एका फेऱ्यात लागली.

म्हणून कलम ५ मधलं 'भंगारात द्यावा' हे खोडलं आहे. साचा मंजुळाबाई वना देसले हिला द्यावा. हे तिच्यावर उपकार नाहीत. साचा मोडला तर हे काम दुसऱ्या कुठल्या माझ्यासारख्या बहिऱ्या ओठाकडे जाईल; मग विमानात बसणाऱ्यांचं काय होईल, त्यांनी माझं काय बिघडवलं आहे? मात्र शेडच्या पाटीवर नाव नानांचं राहील. तिचं नाही.

कलम ६ कायम. बांगडी माझ्या उजव्या मुठीत द्यावी. जळताना रबराचा वास येईल, येऊ द्यावा. आणि मूठ मिटण्याआधी मंजुळाबाईने ती पुन्हा ओठाला लावून बघू नये. चिरेसकट ती माझी आहे.

ठिकाण : मेहरूण, जळगाव
दिनांक : १४ नोव्हेंबर १९९३

लिहून देणार : यशोदाबाई भ्र. भटू बोरसे

यशोदाबाईंनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :

१. भाईदास सुपडू निकम
२. मंजुळाबाई वना देसले (नाव खोडलं. हिला साचा मिळायचा आहे. — य. भ. बोरसे)
२. आक्काबाई देवरे (कलम ३ मधली डबी हिला आजच हातात दिली, आता हिला मिळायचं काही राहिलेलं नाही. — य. भ. बोरसे)