पिंडर स्ट्रीटवरचे मागचे स्वयंपाकघर

नेल्सन, लँकेशर
सोमवार, ९ जून २००३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे

ती. मुरियल आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बेकरीत दुसरा घाणा भट्टीतून निघायला थोडा वेळ आहे, तेवढ्यात पिठाच्या पोत्यावर बसून लिहीत आहे. कागदाला पीठ लागले असेल तर झटकून घे. तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सगळे सविस्तर कळवतो.

आम्हाला घर सापडले. पिंडर स्ट्रीट, क्रमांक १४, ओळीतले शेवटचे. मालकीण मिसेस सग्डन, विधवा. त्यांना मुलीजवळ प्रेस्टनला छोटा फ्लॅट घ्यायचा आहे. साडेएकतीस हजार पौंड ठरले, बँकेने कर्ज मंजूर केले, बाईंनी चहा पाजून हात मिळवला. कर्स्टी लगेच पडद्यांची मापे घेऊन आली. ऑक्टोबरात बाळ आले की पाळणा कुठल्या भिंतीला ठेवायचा, तेही तिने ठरवले आहे.

पण हात मिळवला म्हणजे घर आपले झाले असे नाही. घरखरेदीसाठी आम्ही मिसेस थ्वेट नावाच्या वकीलबाई धरल्या आहेत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले की दोन्हीकडचे सह्या केलेले करार वकिलांनी एकमेकांना दिले की मगच व्यवहार बांधला जातो. तोवर कोणीही, कारण न सांगता, मागे फिरू शकते. आणि मालकीणबाईंशी घराविषयी परस्पर बोलायचे नाही. आम्ही आमच्या वकिलांना विचारायचे, त्यांनी त्यांच्या वकिलांना, त्यांनी मिसेस सग्डनना. शनिवारी खाटकाकडे त्या रांगेत नेमक्या माझ्यापुढे होत्या. आम्ही पावसाबद्दल बोललो, यंदाच्या रुबार्बच्या पिकाबद्दल बोललो, घराचे नाव नाही.

अडले आहे ते मागच्या स्वयंपाकघरापाशी. कै. नॉर्मन सग्डन यांनी ते रविवारी-रविवारी खपून स्वतःच्या हातांनी बांधले. बांधकाम नियमाप्रमाणे झाल्याचा नगर कौन्सिलचा कागद मात्र कोणाला सापडत नाही. पलीकडचे वकील उत्तर देत नाहीत आणि मिसेस थ्वेट म्हणतात धीर धरा. बाकी सर्व ठीक आहे. घराखाली जुनी कोळशाची खाण नाही, असेही लेखी आले. म्हणून मी आमच्या घरमालकाला जुलैच्या मध्यास खोली सोडतो असे कळवून टाकले.

घाणा निघाला. कर्स्टीचा नमस्कार.

तुझा,
क्रेग

*

मोरकम, ११ जून

चि. क्रेगला मुरियल आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पीठही मिळालं, त्यात एक केक झाला असता. तुमची ही काय तऱ्हा रे! ती बाई तीन गल्ल्या पलीकडे राहते, तिचा निरोप चार जणांच्या हातून यायचा, आणि खाटकाकडे तुम्ही रुबार्बवर बोलणार. तुझ्या आजोबांनी घर घेतलं तेव्हा दुपारी बघितलं आणि रात्री त्यात झोपले.

मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले, मला एक गोष्ट कळते. कागद ज्याच्याकडे असतो त्यालाच मागावा. कौन्सिलचा कागद ना? मग कौन्सिलला लिही. तुझं अक्षर चांगलं आहे, त्याचा काही तरी उपयोग कर. वकील गप्प बसायचे पैसे घेतात. मी फुकट गप्प बसले असते, पण मला कोणी तशी संधी देत नाही.

बाळाचे मोजे पिवळ्या लोकरीचे घेतलेत, म्हणजे मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल. कर्स्टीला जिने चढायला लावू नकोस.

तुझ्यावर रागावणारी आणि म्हणून तुझीच,
मुरियल आत्या

*

नेल्सन, २४ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आत्या, सगळे बिघडले. क्रमाने सांगतो.

मी कौन्सिलला पत्र लिहिले. नीट, समास सोडून, दोन शब्द शब्दकोशात पडताळून. घराचा पत्ता, मिस्टर सग्डन यांचे नाव, बांधकामाचे साल, सर्व दिले. आपल्या कपाटात हा कागद कुठे राहून गेला आहे का, पाहण्याची कृपा करावी, अशी विनंती केली. पत्र गुरुवारी टाकले आणि त्या रात्री फार दिवसांनी मला झोप लागली.

शनिवारी मिसेस थ्वेट यांचे पत्र आले. पलीकडच्या वकिलांनी तोडगा काढला होता. असा कागद नसला की लोक एक विमा काढतात. हप्ता एकदाच, सत्तर पौंड, तोही मिसेस सग्डन भरणार होत्या. पुढे कधी कौन्सिलने त्या स्वयंपाकघरावरून त्रास दिला तर खर्च विमा कंपनीचा. सगळीकडे असेच करतात म्हणे. अट एकच. ही गोष्ट आधी कोणीही कौन्सिलच्या कानावर घातलेली नसावी.

ते मी जिन्यात उभ्याउभ्या वाचले. माझा चेहरा पाहून कर्स्टीला वाटले कोणी तरी गेले.

सोमवारी वकीलबाईंच्या कचेरीत गेलो. त्यांनी सगळे ऐकले, चष्मा काढला आणि विचारले की पाकिटाला तिकीट नक्की लावले होते ना, की राहिले. त्यांना आशा होती. मी म्हणालो, पहिल्या दर्जाचे, दुसऱ्याच दिवशी पोचणारे लावले होते. तेव्हा त्या म्हणाल्या की निष्काळजी पक्षकार त्यांना रोजच भेटतात, काळजी घेऊन बुडालेला हा पहिलाच. चुकून लिहिले असे कौन्सिलला पुन्हा लिहू का, असे मी विचारले, तर जवळजवळ ओरडल्याच की मिस्टर ऑर्मरॉड, देवासाठी आता कोणालाही काहीही लिहू नका.

कौन्सिलचा माणूस जुलैत तपासायला येणार. मग कागदाला किती आठवडे लागतील ते कोणी सांगत नाही. प्रेस्टनच्या फ्लॅटवाल्याला इतके थांबायचे नव्हते, त्याने दुसरे गिऱ्हाईक धरले. म्हणजे मिसेस सग्डन यांचेही गेले, आणि ते माझ्यामुळे. आमचा घरमालक म्हणतो की नव्या भाडेकरूंचे पैसे घेऊन झाले, आता तुम्हाला ठेवता येत नाही. कर्स्टी एकदाच म्हणाली, तुला विचारायचंच होतं तर आधी मला विचारायचंस.

मिसेस सग्डन काल दुकानात आल्या होत्या. मला माफी मागायची होती, पण मनाई आहे. त्यांनी कस्टर्ड टार्ट घेतला, मी सुटे पैसे दिले. त्या म्हणाल्या पावसाचे लक्षण दिसते. मी म्हणालो, हो, दिसते.

तुझा यात काही दोष नाही, हे वाक्य मी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले, कारण ते लिहिले की दोष असल्यासारखे वाटते.

तुझा,
क्रेग

*

मोरकम, २६ जून

चि. क्रेग यास,
आशीर्वाद.

दोष कोणाचा ते मला वाचता येतं, खोडलेलंसुद्धा.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. स्टेशनवर येऊ नकोस, मी सरळ पिंडर स्ट्रीटला जाणार आहे. मला वकील नाही, त्यामुळे मला कोणी बोलायची मनाई केलेली नाही. बाई चिडली, ओरडली, तरी मला ऐकू येत नाही, ही एक मोठी सोय आहे. माझं बोलणं तेवढं तिला ऐकावं लागेल.

कर्स्टीला सांग, जेवायला काही खास नको. आणि तू शहाण्या मुलासारखा घरात बस. कोणालाही पत्र लिहू नकोस. मलासुद्धा.

मुरियल आत्या

*

१४, पिंडर स्ट्रीट, नेल्सन
रविवार, १४ सप्टेंबर, सकाळी सव्वानऊ

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर लिहीत आहे. खाली मिसेस सग्डन कर्स्टीला यॉर्कशर पुडिंग फुगत का नाही ते समजावत आहेत.

त्या शनिवारी तुम्ही दोघी काय बोललात ते तू सांगितले नाहीस, त्याही सांगत नाहीत. शेजारच्यांना रस्त्यापर्यंत आवाज आला म्हणे, आधी भांडणाचा आणि मग हसण्याचा. संध्याकाळी तू येऊन सांगितलेस की सामान बांधा, कागद येईपर्यंत तुम्ही तिचे भाडेकरू. मिसेस थ्वेटना कळवले तेव्हा त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाल्या की हे त्यांनी सुचवलेले नाही, त्यांना ते पसंत नाही, आणि आज मी त्यांच्याकडे आलोच नव्हतो.

पण मिसेस सग्डन फार चांगल्या आहेत. पहिल्याच सकाळी मी माफी मागायला तोंड उघडले, तर त्यांनी ताटलीत अंडे वाढले आणि म्हणाल्या की थंड होतंय. कर्स्टीचे पाय सुजले की त्या पाटावर घेऊन चोळतात. कौन्सिलचा माणूस आला, त्याने भिंतीच्या बुडाशी खड्डा खणून पाया पाहिला, दोन कप चहा घेतला आणि म्हणाला की मिस्टर सग्डननी लागतो त्याहून खोल पाया घातलाय, इथे तर तोफ ठेवता येईल. बाई त्याला दारापर्यंत पोचवून आल्या आणि बराच वेळ त्या भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. ऑगस्टच्या शेवटी कागद आला. पलीकडच्या वकिलांनी त्यांच्याकडे करार सहीसाठी पाठवला. आमची सही झालेलीच होती.

त्यांची होईना. आज चष्मा सापडत नाही, उद्या पेन चालत नाही. पाळणा त्यांनीच माळ्यावरून काढून धुतला. मुलीचा प्रेस्टनहून फोन आला की दार लावून घेतात. एकदा कर्स्टीला म्हणाल्या की नॉर्मन गेल्यापासून या घरात कोणी जिना धाडधाड उतरलं नव्हतं, तुझा नवरा उतरतो, बरं वाटतं. मला तेव्हाच समजायला हवे होते.

काल सकाळी न्याहारीला बसलो होतो. दाराच्या फटीतून टपाल पडले. बाईच उठल्या, पायपुसण्यावरून पाकीट उचलून आणले आणि माझ्या ताटलीशेजारी ठेवले. मिसेस थ्वेट यांचे होते. कळवण्यास खेद होतो की विक्रेत्याने आपल्या वकिलांमार्फत कळवले आहे की १४, पिंडर स्ट्रीट हे घर विकण्याचा त्यांचा विचार आता राहिलेला नाही. कारण दिलेले नाही, आणि देण्याचे बंधनही नाही.

मी वाचत होतो तोवर त्या समोर बसून माझ्या टोस्टला लोणी लावत होत्या, अगदी कडेपर्यंत, मला आवडते तसे. मी पाकीट घडी करून खिशात ठेवले. त्यांनी विचारले, मुरंबा घेशील? मी म्हणालो, हो, थोडा.

कर्स्टी रात्री उशीत तोंड खुपसून रडली, आवाज खाली जाऊ नये म्हणून. बाळाला पाच आठवडे उरले. दुसरे घर शोधायचे तर तोवर कर्जाच्या मंजुरीची मुदत संपते, आणि इथून निघतो म्हणायचे तर बाईंच्या तोंडावर ते कसे म्हणायचे मला कळत नाही. भांडायचे तर कशावरून? त्यांनी आमचे काहीच घेतलेले नाही. तू येऊन पुन्हा बोलून पाहशील का, असे विचारणार होतो, पण तू आलीस तर त्या तुझ्यासाठीही खोली लावतील.

उत्तर जरूर लिही. आमच्यावरची माया पत्ता बदलला तरी बदलली नाहीस, यापुढेही बदलू नकोस.

तुझा,
क्रेग

ता. क. हिशेब तू विचारशीलच, म्हणून लिहितो. खर्च झाले ते असे: घराची पाहणी दोनशे चाळीस पौंड, बँकेची फी दीडशे, कौन्सिल आणि खाण कचेरीची चौकशी एकशे अठ्ठावीस, वकीलबाई दोनशे पंच्याऐंशी, त्यात कालचे पत्र धरले आहे. एकूण आठशे तीन. परत काही मिळत नाही. देणे एकच: मिसेस सग्डन यांना खोलीभाडे, तीस पौंड, दर शुक्रवारी, पुढील सूचना मिळेपर्यंत.