गुरुवारचा डबा

पाळकसाहेबांस सलाम,

तुमची उमरखेडहून बदली झाली, म्हणून लिहायची हिंमत करून राह्यली. पण हे पत्र उशीखालीच राहीन.

अंथरुणाले खिळलेल्या रिबेकाआजीसाठी तुम्ही चर्चच्या मंडळीतल्या घरांना डब्याचे वार वाटून दिले होते. माह्याकडं गुरुवार होता. एका गुरुवारी सोयाबीन सोंगायच्या घाईत मी डबा दिलाच नाही. शुक्रवारी सकाळी आजी गेलेली दिसली. कबरेपाशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रमिलाबाईंच्या हातचं जेवून आजी तृप्त होऊन गेल्या." मी मान डोलावली.

आता मीच अंथरुणावर आहो. मंडळी वाराप्रमाणं डबे आणते. फक्त गुरुवार कोणाले द्यायचा राहून गेला, कारण तो माह्याच नावावर होता.

तरी दर गुरुवारी दुपारी डोळा उघडला की उशाशी डबा असते. आत गरम वरण-भात, अळणी, आजी खाये तसा. झाकणावर तिचंच नाव कोरलेलं. तो डबा तर आजी गेल्यावर तिच्या सुनेनं पुसदले नेलता.

मी सगळा खाते, साहेब. भूक लागते ना.

आजीलेही लागली असन.

तुमच्या मंडळीतली,
प्रमिला